अमरूद, पेरू आणि नाशपती : एका झाडाची हिजरत

उर्दूत ज्या फळाला अमरूद म्हणतात, त्याला मराठीत पेरू म्हणतात. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाचे एवढ्यावर भागते. फळ्यावर दोन शब्द समोरासमोर लिहायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. पण हे दोन शब्द मुळापर्यंत तपासले, तर दोघांच्याही तळाशी एकच फळ सापडते आणि ते पेरू नव्हे. फारसीत ‘अमरूद’ म्हणजे नाशपती. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजेही नाशपतीच.

आपल्या बाजारात एक गाडीवाला ‘अमरूद लेलो’ म्हणून हाक देतो आणि दुसरा ‘पेरू घ्या पेरू’ म्हणतो. भाषा वेगळ्या, माणसे वेगळी, पण दोघेही नकळत नाशपतीच विकत असतात. जे झाड दख्खनच्या मैदानात कधी नीट रुजले नाही, त्याचे नाव मात्र आपल्या दोन्ही भाषांत दुसऱ्या फळाच्या अंगावर चढून बसले. हे कसे झाले, नाशपती आपल्या देशात कोणी आणली आणि कोणी जोपासली, तिला अंगणात वाढवायचे तर काय करावे लागते, याचा हा थोडा मागोवा.

नाव कसे सरकले?

पेरूचे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आलेल्या अननस, काजू, मिरची यांच्या पंगतीतच त्याला बसवावे लागेल. नवे फळ आले की माणूस आधी त्याला आपल्या ओळखीच्या फळाशी ताडून पाहतो. देठाकडे निमुळते, हिरवट पिवळ्या सालीचे, दाताखाली किंचित कचकचणारे हे फळ पाहून दोन वेगळ्या समाजांना एकच फळ आठवले. पोर्तुगीजांकडे पेरूसाठी ‘गोइआबा’ हा स्वतंत्र शब्द होता, तरी गोव्यात ते त्याला ‘पेरा’ म्हणू लागले. त्यातून कोकणीत ‘पेर’ आणि मराठीत ‘पेरू’ झाले. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश सिद्ध करणारे गोमंतकीय धर्मगुरू आणि भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली ही व्युत्पत्ती नोंदवली आहे. अनेक मुलांना वाटते तसा या शब्दाचा पेरू नावाच्या देशाशी संबंध नाही.

उत्तरेत फारसी जाणणाऱ्यांनी तेच केले. त्यांच्याकडे नाशपतीसाठी ‘अमरूद’ हा जुना शब्द होता, तो त्यांनी नव्या फळाला दिला. मूळच्या फळासाठी ‘नाशपाती’ हा दुसरा फारसी शब्द शिल्लक होताच. इराणात पुढे नाशपतीला ‘गुलाबी’ म्हणू लागले. त्यामुळे आज तेहरानच्या बाजारात गुलाबी मागितली तर हातात नाशपती येते.

फळांच्या नावांचे हे सरकणे केवळ हिंदुस्थानात झाले असेही नाही. अरबीत नाशपतीला ‘कुमसरा’ म्हणतात आणि ‘इज्जास’ म्हणजे आलुबुखारा. पण शामच्या, म्हणजे आजच्या सीरियाच्या लोकांनी इज्जास हा शब्द नाशपतीला लावला. अंदलुस आणि मगरिबमध्येही तसेच झाले. आलुबुखाऱ्याचे नाव नाशपतीने घेतल्यावर त्या बिचाऱ्याला तिकडे ‘उयून अल-बकर’, म्हणजे गाईचे डोळे, असे नवे नाव मिळाले. आपल्याकडेही विदर्भात पेरूला जांब म्हणणारी घरे आहेत, आणि कोकणात जाम म्हटले की वेगळेच पाणीदार फळ डोळ्यांसमोर येते.

बर्फातला पेरू

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण इतिहास वाचताना तो महागात पडतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तूरानी, म्हणजे मध्य आशियाई फळांची भावासह यादी आहे. त्यात समरकंदी सफरचंद आहे, बिही आहे आणि अमरूदही आहे. हेन्री ब्लॉखमन यांनी १८७३ साली या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, त्यात या अमरूदचे भाषांतर पेरू असे झाले. तूरानच्या हाडे गोठवणाऱ्या हिवाळ्यात पेरू कसा पिकेल? हा प्रश्न पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध शब्दकोशाच्या कर्त्यांना पडला. तूरानच्या फळांत पेरूचे नाव पाहून त्यांनी शंका घेतली आणि अमरूद हा शब्द दोन अर्थांचा आहे, असे नोंदवून ठेवले.

जहांगीरच्या ‘तुझुक’बाबत हेच पुन्हा घडले. काश्मीरच्या फळांविषयी लिहिताना जहांगीर नाशपतीची तारीफ करतो. ती काबूल आणि बदख्शानपेक्षा सरस आणि समरकंदच्या जवळ जाणारी आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. मग सफरचंदाचे कौतुक करून तो म्हणतो की अमरूद मात्र मध्यम प्रतीचे. बेव्हरिज यांनी संपादित केलेल्या रॉजर्स यांच्या इंग्रजी अनुवादात इथेही अमरूदच्या जागी पेरू आला आहे. थंडीत बर्फाखाली जाणाऱ्या खोऱ्यात पेरूची बाग नसते. जहांगीरला नाशपतीच्याच दोन तऱ्हा सांगायच्या असाव्यात, एक उत्तम आणि एक बेताची.

आपल्या मुलांपैकी ज्यांना इतिहासात रस आहे, त्यांना मी म्हणूनच सांगत असतो की फारसी आणि उर्दू केवळ शायरीसाठी शिकू नका. आपल्या देशाच्या जमिनीचा, पिकांचा, बाजारभावांचा मोठा दस्तऐवज या भाषांत पडून आहे. तो इंग्रजीतूनच वाचायचा म्हटला तर कधीतरी बर्फात पेरू पिकलेला दिसणारच.

मोगलांच्याही आधी

‘ही सगळी फळे मुसलमानांनी आणली’ असे आपल्यातले काही लोक अभिमानाने सांगतात. ‘हे सगळे बाहेरचे’ असे दुसरे काही लोक रागाने म्हणतात. दोघांनाही नाशपतीचा इतिहास अडचणीत टाकतो.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग पंजाबातल्या चीनपती नावाच्या प्रदेशात गेला होता. तिथे त्याला सांगण्यात आले की कुशाण सम्राट कनिष्काच्या काळात चीनच्या बाजूचे काही राजपुत्र ओलीस म्हणून इथे राहत होते. या प्रदेशात तोवर नाशपती आणि पीच ही फळे नव्हती, ती या ओलिसांनी लावली. त्यावरून पीचला ‘चीनानी’ आणि नाशपतीला ‘चीनराजपुत्र’ असे नाव पडले. ह्युएन त्संगने ही हकीकत ऐकली तेव्हा कनिष्काला जाऊन कित्येक शतके झाली होती, त्यामुळे तिला आख्यायिका म्हणूनच वाचले पाहिजे. पण एवढे तर उघड आहे की इस्लामच्या उदयाआधीच पंजाबात नाशपती होती, तिला संस्कृत नाव होते आणि ती परदेशातून आल्याची आठवण लोकांनी जपून ठेवली होती.

गंमत म्हणजे आज पंजाबच्या मैदानात जी नाशपती सर्वाधिक दिसते ती ‘पत्थरनाख’ पूर्व आशियाई वंशाचीच आहे. कडक, रसाळ आणि दाताखाली वाळूसारखी कचकचणारी. ती कनिष्काच्या ओलिसांच्या झाडांचीच वंशज आहे असा दावा करता येत नाही. पण चीनकडून आलेल्या प्रकारालाच पंजाबची हवा मानवली, हे मात्र खरे.

बी नव्हे, कलम

नाशपतीचा प्रवास समजून घ्यायचा तर तिच्या स्वभावातली एक गोष्ट आधी समजली पाहिजे. चांगल्या नाशपतीचे बी पेरले तर तशीच नाशपती मिळत नाही. या झाडाच्या फुलांना बहुधा दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवे मिश्रण असते. शंभर बिया लावल्या तर शंभर तऱ्हेची झाडे उगवतील आणि त्यांतली बहुतेक आंबट, तुरट, बारक्या फळांची निघतील. हवी तीच जात हवी असेल तर तिची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. यालाच कलम म्हणतात. फारसी आणि उर्दूत त्याला ‘पैवंद’ असाही शब्द आहे, कपड्याला लावतात तोच.

धान्याचे बी वाऱ्याने, पक्ष्याने, व्यापाऱ्याच्या पोत्यातून कुठेही जाऊ शकते. नाशपतीची चांगली जात मात्र माणसाच्या हातानेच जाते. हिवाळ्यात झाड झोपलेले असताना काडी कापायची, ती सुकू न देता न्यायची आणि तिकडे कलम बांधणारा जाणकार हात असायला हवा. म्हणून जिथे चांगली नाशपती दिसते, तिथे कोणीतरी ती मुद्दाम नेलेली असते.

ही विद्या मध्ययुगात ज्यांनी नीट लिहून ठेवली त्यांत अंदलुसचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे शेतीतज्ज्ञ फार वरच्या स्थानी आहेत. अकराव्या शतकात तुलैतुला म्हणजे टोलेडो इथे इब्न बस्साल हा राजा अल-मामूनच्या बागेत काम करी. १०८५ साली टोलेडो कास्तीलच्या राजाकडे गेले आणि इब्न बस्साल इश्बिलियाला, म्हणजे सेव्हिलला आला. त्याच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की त्यात जुन्या पंडितांचे हवाले नाहीत. जे स्वतः लावून, कापून, पाणी देऊन पाहिले तेवढेच त्याने लिहिले.

कोणत्या झाडाचे कलम कोणत्या झाडावर लागते, हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्याने झाडांचे त्यांच्या रसावरून गट पाडले : तेलकट रसाची जैतूनसारखी झाडे, डिंकाची बदाम आणि पीचसारखी झाडे, चिकाची अंजिरासारखी झाडे आणि पाणीदार रसाची झाडे. नाशपती, सफरचंद आणि बिही त्याने या शेवटच्या गटात ठेवली. कलम आपल्याच गटात सहज लागते, हा त्याचा नियम. आजचे वनस्पतिशास्त्र रसावरून नव्हे तर फुलांच्या आणि फळांच्या रचनेवरून कुळे ठरवते. तरी नाशपती, सफरचंद आणि बिही आजही जवळची नातेवाईक मानली जातात आणि बदाम, पीच, जर्दाळू यांचा गट वेगळा धरला जातो. केवळ हाताच्या अनुभवावर उभी केलेली वर्गवारी इतकी टिकावी, ही साधी गोष्ट नाही. बिहीच्या खुंटावर नाशपती बांधली की झाड ठेंगणे राहते आणि फळ लवकर धरते. युरोपातल्या परसबागांत आजही बहुतेक नाशपती अशाच वाढवतात.

इब्न बस्सालनंतर सुमारे शंभर वर्षांनी सेव्हिलच्याच इब्न अल-अव्वामने ‘किताब अल-फिलाहा’ लिहिला. त्यात पाचशेहून अधिक वनस्पती आहेत. त्याची रीत अशी की आधी जुने ग्रंथ काय म्हणतात ते सांगायचे आणि मग सेव्हिलजवळच्या अश-शरफ या टापूत स्वतः काय करून पाहिले ते जोडायचे. झाडाच्या मुळाशी पाण्याने भरलेली मडकी ठेवून त्यांच्या बारीक छिद्रातून थेंबथेंब पाणी देण्याची युक्ती त्यात आहे. मराठवाड्यातल्या दुष्काळात ज्यांनी मडके पुरून रोपे जगवली, त्यांना ती वाचून नवल वाटणार नाही. १८०२ साली माद्रिदला बान्केरी या पाद्र्याने या ग्रंथाचे मूळ अरबी पाठासह स्पॅनिश भाषांतर छापले. सहाशे वर्षांनंतरही त्या देशाला आपल्या शेतीसाठी हा ग्रंथ उपयोगी वाटला.

काबूल ते काश्मीर

हिंदुस्थानच्या दिशेने येताना ही विद्या आपल्याला हेरातमध्ये भेटते. तिथे १५१५ साली कासिम बिन यूसुफ याने ‘इर्शाद अल-झिराआ’ हा फारसी ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या आठव्या आणि शेवटच्या भागात चारबाग कशी आखावी, पाण्याचे पाट कुठून न्यावेत, फुले कुठे आणि फळझाडे कुठे लावावीत याचे मार्गदर्शन आहे. बाबर याच जगातला माणूस. १५०४ साली काबूल घेतल्यावर त्याने तिथल्या फळांची जी यादी दिली तीत द्राक्ष, डाळिंब, जर्दाळू, सफरचंद, बिही, पीच यांच्याबरोबर नाशपती आहे. आलूबालू, म्हणजे आंबट चेरी, तिथे नव्हती. तिच्या काड्या आपण मागवून लावल्या आणि त्या चांगल्या धरल्या, हेही तो आवर्जून लिहितो. लढाया, पळापळ आणि तख्त या सगळ्यांतून त्याला काड्या रुजल्याची नोंद ठेवावीशी वाटली.

अकबराने १५८६ साली काश्मीर घेतले. त्यानंतर बागांच्या कामावर असलेल्या मुहम्मद कुली अफशारने काबूलहून चेरी आणून काश्मीरमध्ये कलमाने वाढवली आणि थोडेच असलेले जर्दाळूही तिथे पसरवले, हे जहांगीरने नोंदवले आहे. बादशहाने एका बागवानाचे नाव लिहून ठेवले, म्हणून ते आपल्याला कळते. नाशपतीबाबत अशी नोंद नाही. जहांगीर १६२० साली काश्मीरला गेला तेव्हा ती तिथे उत्तम पिकत होती. ती कोणी सुधारली, कोणत्या बागेत कलमे बांधली गेली, त्या माणसांची नावे कोणी लिहिली नाहीत. त्यांत काबूलहून आलेले असतील, तसेच पिढ्यान्‌पिढ्या खोऱ्यात राहणारे काश्मिरीही असणार.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हिमालयात एक रानटी नाशपती आपोआप उगवते. हिमाचलात तिला कैंथ आणि कुमाऊँत मेहल म्हणतात. फळ बोराएवढे, तुरट, पिकून काळे पडल्यावर कसेबसे खाण्याजोगे. पण तिची मुळे चिवट. पहाडी भागात बाहेरून आलेली गोड जात बांधायची तर खुंट म्हणून हीच कैंथ वापरण्याची रीत आहे. त्या झाडाकडे बोट दाखवून देशी की परदेशी असे विचारले तर उत्तर काय द्यायचे? मूळ इथलेच, काडी तिकडची, आणि दोघांत आता एकच रस वाहतो. झाड मोठे झाल्यावर सांधा हाताने चाचपून शोधावा लागतो.

अंगणात नाशपती लावायची तर

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण नोकरीनिमित्त काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, पंजाबात असतील. काही इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक असतील. त्यांच्या अंगणात हे झाड शक्य आहे. जुन्या ग्रंथांतली समज आणि आजचा अनुभव बहुतेक ठिकाणी एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली अट थंडीची. नाशपतीच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय नीट उघडत नाहीत. मऊ, लोण्यासारख्या युरोपीय जातींना सात अंश सेल्सियसखालची थंडी हजार तासांच्या आसपास लागते. पत्थरनाखचे भागायला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो, म्हणून ती पंजाबच्या मैदानात येते. निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरातही कमी थंडीवर भागणाऱ्या नाशपती होतात.

रोप कलमी घ्यावे आणि हिवाळ्यात, पाने गळलेली असताना लावावे. खड्डा हातभर आधीच खणून, त्यात कुजलेले शेणखत मिसळून तयार ठेवावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांधा गाडला तर वरच्या काडीलाच मुळे फुटतात आणि ठेंगण्या खुंटाचा फायदा जातो. रानटी खुंटावरच्या दोन झाडांत पाच-सहा मीटर अंतर हवे, बिहीच्या खुंटावर तीन-चार मीटरही चालते. जागा लहान असली तरी एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती जवळपास असाव्यात, नाहीतर फुलांचा बहर येतो आणि फळ धरत नाही. शेजाऱ्याच्या अंगणात दुसरी जात असेल तरी मधमाश्या काम करतात.

लावल्यावर शेंडा गुडघ्याच्या वर, साधारण पाऊण मीटरवर छाटावा. मग फुटणाऱ्या फांद्यांतल्या चारी दिशांना जाणाऱ्या तीन-चार ठेवाव्यात. नाशपतीला सरळ आकाशाकडे जाण्याची खोड असते. कोवळ्या फांद्या दोरीने थोड्या आडव्या बांधल्या की फळ लवकर येते. फळ दोन वर्षांहून जुन्या फांदीवरच्या आखूड, गाठाळ काटक्यांवर धरते आणि त्याच काटक्या वर्षानुवर्षे फळ देतात. नवख्या माणसाला त्या वाळक्या वाटतात आणि छाटणीत पहिल्यांदा त्याच जातात, तेवढे सांभाळावे. सांध्याच्या खालून खुंटाचे धुमारे फुटत राहतात, ते दिसताच खुडावेत. दोन-तीन वर्षे दुर्लक्ष झाले तर रानटी खुंट वर येतो आणि गोड काडी उपाशी मरते.

रानटी खुंटावर पहिले फळ यायला पाच-सहा वर्षे सहज लागतात. फळ आले तरी घाई चालत नाही. युरोपीय जातीचे फळ झाडावर पिकू दिले तर आतून गाभा कुजतो. ते टणक असतानाच तोडावे. फळ हातात धरून आडवे उचलले आणि देठ सहज सुटला तर वेळ झाली असे समजावे. मग घरात ठेवून देठाजवळ अंगठ्याने दाबून पाहत राहावे. नाखचे तसे नाही, ती झाडावर तयार होते आणि तोडून लगेच खाता येते.

एवढी वाट पाहायला लावणारे हे झाड टिकते मात्र खूप. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या डॅन्व्हर्स गावात गव्हर्नर जॉन एन्डिकॉट यांनी सतराव्या शतकात लावलेले नाशपतीचे झाड अजून उभे आहे. १९६४ साली कोणी समाजकंटकांनी त्याचे खोड कापून टाकले, तरी ते पुन्हा फुटले. नाशपती लावणारा वारसांसाठी लावतो अशी समजूत इंग्रजांत आहे. आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात तीच ही गोष्ट. लावणारा जातो, फळ माणसे खातात, पक्षी खातात आणि पुण्य त्याच्या खात्यावर चढत राहते.

दख्खनने काय ठेवून घेतले

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, याचे त्याला कौतुक वाटले. त्या दोन्ही फळांना दख्खनचे ऊन मानवले आणि आज नाशिकची द्राक्षे आणि सोलापूरची डाळिंबे जगभर जातात. नाशपतीला मात्र इथला हिवाळा पुरला नाही. सुलतानांनी बागा केल्या, पाण्याचे नळ खेळवले, पण थंडी कोणाच्या फर्मानाने येत नाही. नाशपती उत्तरेतच राहिली. इकडे आले ते तिचे नाव, तेही दोन वाटांनी : दिल्लीकडून अमरूद आणि गोव्याकडून पेरू.

आणि ज्या फळाने ते नाव घेतले ते इथलेच होऊन गेले. १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून एक उत्तम पेरू निवडला. ती जात आज ‘सरदार’ म्हणून देशभर लावतात, पण तिचे मूळ नाव ‘लखनौ-४९’. अमेरिकेचे फळ, अलाहाबादचे बी, पुण्यातली निवड, लखनौचे नाव. उर्दूतून हाक मारा की मराठीतून, त्याच्या तोंडी येणारे नाव नाशपतीचे.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे, कुठल्याही मंडईत हे फळ विकणाऱ्यांत बागवान आडनावाची माणसे भेटतात. बाग राखणारा तो बागवान. या समाजाचे मूळ काम झाडे वाढवण्याचे, पुढे ते फळांच्या व्यापाराकडे वळले. मुहम्मद कुली अफशारचे नाव एका बादशहाच्या लेखणीने वाचवले. आपल्या गावच्या बागवानांनी कोणत्या मळ्यात काय लावले, कलमे कुठून आणली, कोणती जात बुडाली, हे कोणीच लिहिलेले नाही. त्या घरांतली वडीलधारी माणसे अजून आहेत. पानिपत आणि तालिकोटाच्या तारखा मुलांना पाठ करायला लावतो, तसे एकदा वही-पेन देऊन त्यांना या मंडईत पाठवले पाहिजे. दादाजान, तुमच्या वडिलांच्या मळ्यात कोणती फळे होती, एवढा एकच प्रश्न विचारायचा. फळांची नावे ते ज्या भाषेत सांगतील, त्याच भाषेत लिहून घ्यायची. अमरूद म्हणाले तर अमरूद, जांब म्हणाले तर जांब.